१० फेब्रुवारी १९४९ : पुण्याला स्वतःचा संघ मिळाला

पुणे विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ रोजी झाली. बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. संलग्न महाविद्यालये अवघी अठरा आणि कारभार भांडारकर संस्थेच्या निजाम गेस्ट हाउसमधून; गणेशखिंडीतली वास्तू नंतर मिळाली.

या घटनेची क्रीडांगणावरची बाजू फारशी सांगितली जात नाही. तोवर फर्ग्युसन, स. प., वाडिया ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाची. त्यामुळे आंतरविद्यापीठ क्रिकेटच्या रोहिंटन बारिया करंडकात खेळायचे तर इथल्या मुलांना मुंबईच्या संघात जागा मिळवावी लागे. आता पुण्याचा स्वतःचा संघ उभा राहिला.

त्याचे फळ लगेच दिसले. १९५०-५१ च्या हंगामात पुणे विद्यापीठाकडून नाशिकचा एक डावखुरा फिरकी गोलंदाज या स्पर्धेत उतरला : बापू नाडकर्णी. पुढच्याच वर्षी तो महाराष्ट्राकडून खेळला. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्याने सलग २१ षटके निर्धाव टाकली. त्या डावात ३२ षटकांत धावा दिल्या फक्त पाच! बळी एकही नाही, तरी अचूकतेचा असा नमुना कसोटी क्रिकेटमध्ये दुर्मीळच.

१९६६-६७ मध्ये वाडियाचा चेतन चौहान याच विद्यापीठाकडून खेळला. प्रशिक्षक कमल भांडारकरांच्या तालमीत घडलेल्या या सलामीवीराने पुढे ४० कसोटींत २,०८४ धावा केल्या. या दोघांचा उल्लेख विद्यापीठाच्या इतिहासात कुलगुरूंच्या नामावलीइतक्याच अगत्याने व्हायला हवा.