दोन आसनांची गाडी आणि चार दारांची गाडी

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही ‘स्पोर्ट्स कार’ असे सांगितले. चालकांना वाटले, आपल्याच ऐकण्यात काही चूक झाली. कामगार चळवळीतल्या माणसाने महागाई भत्त्यावर बोलावे, बोनसच्या कायद्यावर बोलावे, फार तर अमळनेरच्या गिरणीच्या इतिहासावर बोलावे. श्रीमंताच्या पोराने हौसेखातर उडवावयाच्या दोन आसनी गाडीशी त्याचा संबंध काय?

संबंध आहे, आणि तो पोटाचा आहे. धुळ्या-जळगावच्या किती घरांतील मुलगे आज पिंपरी-चिंचवडला, चाकणला, नाशिकच्या सातपूर-अंबडला मोटारींच्या व त्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत उभे आहेत, हे रात्रीच्या पुण्याच्या एसटीत एकदा बसून पाहिले म्हणजे कळते. कारखान्यातून पुढे कोणती चार दारांची गाडी निघणार, ती किती खपणार, यावर त्या मुलांची भाकरी ठरते. पुढे इंजिन, मध्ये माणसे आणि मागे डिकी अशी जी कुटुंबाची गाडी, तिला सेडान म्हणतात. आणि या सेडानचे भवितव्य थोड्या खपाच्या एखाद्या दिखाऊ गाडीने आधीच ठरविलेले असते, असे मोटारधंद्यातील शहाणे लोक सांगत आले आहेत. हे कितपत खरे आहे, एवढेच आम्हांस आज पाहावयाचे आहे.

आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण आग्रारोडवरच्या एका गॅरेजात झाले. तिथे मिस्त्रींनी आम्हांस पहिले इंजिन उघडून दाखविले ते फियाटचे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी होई. १९७४ पासून तिचे नाव ‘पद्मिनी’ पडले आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत रस्त्यावर होती. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे. त्याच फियाट ११०० घराण्याचे, त्याच मापाचे एक जुने इंजिन घेऊन तुरिन शहरात १९४७ च्या सुमारास ‘चिसिटालिया’ नावाची एक देखणी दोन आसनी गाडी निघाली होती, आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने ती एखादे शिल्प ठेवावे तशी ठेवली आहे, हे आम्हांस पुढे पंधरा वर्षांनी वाचनालयातल्या एका पुस्तकात कळले. ज्या इंजिनाच्या तेलाने आमचे हात काळे झाले त्याचा असा एक सोयरा परदेशी बसला आहे, याची त्या दिवशी फार गंमत वाटली. पण येथे देणे एकाच बाजूने झाले. घरच्या गाडीने हौसेच्या गाडीला इंजिन दिले. हौसेच्या गाडीकडून कुर्ल्याच्या गाडीला काही परत आले नाही.

उलट दिशेने देणे झाल्याचे सर्वांत ठळक उदाहरण इंग्लंडातील जग्वार कंपनीचे. ही कंपनी २००८ साली आपल्या टाटा मोटर्सच्या मालकीची झाली, म्हणून तिची हकीकत थोडी सविस्तर सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्री शहरावर बाँब पडत होते. कारखान्याच्या छपरावर आग लागते की काय हे पाहत रात्रपाळीने जागावे लागे. त्या जागरणात कंपनीचे मालक विल्यम लायन्स आणि हेन्स, हॅसन, बेली हे त्यांचे अभियंते युद्धानंतर काढावयाच्या एका मोठ्या सेडानसाठी नवे इंजिन मनात रचीत होते. युद्ध संपले, ३.४ लिटरचे इंजिन तयार झाले. परंतु सेडानचे पोलादी अंग तयार होईना. मोठ्या गाडीचे पत्रे दाबण्याच्या डाय बनविण्यास वर्षे लागतात, आणि त्या काळी इंग्लंडात पोलाद सरकारी वाटपाने मिळे. जो कारखाना निर्यात करून डॉलर आणील त्याला पोलाद आधी.

तेव्हा लायन्स यांनी एक युक्ती केली. ऑक्टोबर १९४८ च्या लंडन प्रदर्शनात त्यांनी दोन गाड्या मांडल्या. एक ‘मार्क पाच’ नावाची सेडान, जुन्याच इंजिनाची, वेळ मारून नेण्यापुरती. दुसरी दोन आसनी ‘एक्सके १२०’, नव्या इंजिनाची. या दुसरीचे अंग अ‍ॅश लाकडाच्या सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे हाताने ठोकून बसविलेले होते, कारण ती फक्त दोनेकशे करावयाची होती. इंजिनाची जाहिरात व्हावी, त्याचे दोष गिऱ्हाइकाच्या हाताखाली कळावेत, एवढाच हेतू. ते पत्रे ठोकणाऱ्या कारागिरांची नावे कोणत्या इतिहासात नाहीत, अभियंत्यांची आहेत. असो.

लोकांनी प्रदर्शनात गर्दी केली ती या दोन आसनी गाडीभोवती. मागण्या, विशेषतः अमेरिकेतून, इतक्या आल्या की हाताने ठोकून पुरेना. मे १९४९ मध्ये बेल्जियममधील जाबेके येथील सरळ रस्त्यावर ती ताशी १३२ मैलांहून अधिक वेगाने धावली आणि शंका घेणाऱ्यांची तोंडे बंद झाली. सुमारे २४० गाड्या हाताने केल्यावर, १९५० साली तिचे अंग पोलादी करावे लागले. दोनेकशेच्या हिशेबाने आरंभलेली गाडी १९५४ पर्यंत बारा हजारांच्या घरात गेली. १९५० च्या ऑक्टोबरात ज्या सेडानसाठी हा सारा खटाटोप होता ती ‘मार्क सात’ आली, तेव्हा तिचे इंजिन दोन वर्षे जगभर तावूनसुलाखून निघालेले होते, आणि अमेरिकन गिऱ्हाइकाला जग्वार हे नाव नवे राहिले नव्हते. १९५९ ची ‘मार्क दोन’ आणि १९६८ ची ‘एक्सजे ६’ या सेडानांतही हेच इंजिन घराणे चालले. ते शेवटचे बसले १९९२ साली.

येथे खपाने नक्की काय केले? खपाने सेडान घडविली नाही. सेडान आधीच कागदावर होती. खपाने डॉलर आणले आणि इंजिनाची परीक्षा दुसऱ्याच्या खर्चाने करून दिली. आणि मुख्य म्हणजे, पोलादी डायवर पैसा घालावयास मालकाला धीर दिला. डायचा हिशेब असा. समजा, एका गाडीच्या डायला दहा कोटी रुपये लागले. गाड्या हजार खपल्या तर प्रत्येकीवर एक लाखाचा भार. लाख खपल्या तर प्रत्येकीवर हजाराचा. स्पोर्ट्स कार सहसा लाख खपत नाही. म्हणून ती जे काही सेडानबरोबर वाटून घेईल, मग ते इंजिन असो, गिअरबॉक्स असो की कारखान्याची सवय असो, तेवढेच तिचे कारखान्याला खरे देणे.

आता पुण्याकडे येऊ. टेल्को कंपनी १९४५ ची, जमशेदपूरची. तिचा पुण्याचा कारखाना १९६६ पासूनचा. सुमंत मुळगावकर यांनी तेथे यंत्रे घडविण्याच्या विभागावर आणि मुलांना हत्यार धरावयास शिकविण्यावर भर दिला, हे त्यांचे मोठेपण कामगार चळवळीतील माणसानेही मान्य केले पाहिजे. परंतु तो कारखाना मालगाड्यांचा. ट्रकच्या केबिनच्या दारात बोटभर फट चालते. कुटुंबाच्या गाडीत ती चालत नाही. १९८९ च्या सप्टेंबरात राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली त्याच कारखान्याच्या कामगारांनी शनिवारवाड्यापुढे उपोषण मांडले आणि पोलिसांनी ते मोडले. त्या लढ्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा आज नको. तो ताण अजून मनात होता, तोच १९९१ साली पुण्याहून ‘सिएरा’ नावाची गाडी निघाली, एवढे ध्यानात ठेवावे.

सिएरा काही खरी स्पोर्ट्स कार नव्हे, हे आधीच कबूल करतो. छोट्या मालवाहू टाटामोबाइलच्या सांगाड्यावर, दोन लिटरच्या डिझेल इंजिनावर ती उभी होती. पळण्यात ती फार मोठी नव्हे. पण गरजेपेक्षा हौसेवर विकावयाची अशी त्या कारखान्याची ही पहिलीच गाडी. माणसांना बाजूची दारे दोनच, आणि मागच्या आसनाशेजारी छतात वळलेली एक मोठी बंद काच. आमच्या गॅरेजसमोरून पहिली सिएरा गेली तेव्हा मिस्त्रींनी बिडी विझवून एवढेच विचारले, “मागचे लोक उतरतात कोठून?” मिस्त्रींचा प्रश्न म्हणजे बाजाराचा प्रश्न होता. चारचौघांचे कुटुंब असलेल्या माणसाला ती गाडी परवडली तरी पटेना. खप थोडा झाला.

मग ती वाया गेली काय? तिचे नाक आणि सांगाडा घेऊन पुढच्याच वर्षी, १९९२ साली, ‘इस्टेट’ ही चार दारांची, मागे लांब अशी गाडी निघाली. परंतु खरी मोटारगाडी जी ‘इंडिका’, ती सिएराच्या पोटची नव्हे. तिला वेगळा सांगाडा नाही, पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. तिच्या आराखड्याला तुरिनच्या एका संस्थेचे साहाय्य होते, आणि तिची जुळणीची लाइन ऑस्ट्रेलियातील निसान कंपनीच्या बंद पडलेल्या कारखान्यातून सोडवून पुण्यास आणली होती. जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात ती दिसली आणि वर्षाच्या अखेरीस बाजारात आली. लाखाहून अधिक लोकांनी आगाऊ पैसे भरले. तक्रारीही तशाच आल्या, आणि २००१ साली सुधारलेली ‘व्ही-टू’ काढावी लागली. तिच्याच पायावर २००२ साली डिकी जोडून ‘इंडिगो’ ही सेडान झाली, आणि ती पुढे आपल्याकडे भाड्याच्या गाड्यांत किती चालली हे धुळेकरांस सांगावयास नको.

तेव्हा सिएराचे लोखंड इंडिगोत आले नाही. आले ते हात. पातळ पत्रा सुरकुती न पडता कसा दाबावा, रंग आरशासारखा कसा उठवावा, दाराची रबरी पट्टी पावसात कशी टिकावी, हे ट्रकवर शिकता येत नाही. थोड्या खपाच्या गाडीवर चुका करीत ते शिकता येते, कारण तेथे चूक शंभर गाड्यांत होते, लाखांत होत नाही. खपाच्या तक्त्यात या शिक्षणाला रकाना नसतो. आमच्या मते सिएराचा खप मोजणारांनी हीच चूक केली.

सेडानचा आकार नेहमी हौसेच्या गाडीकडूनच येतो असे मात्र कोणी समजू नये. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरांहून आखूड आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. लागलीच २००८ साली इंडिगोचे शेपूट कापून ‘इंडिगो सीएस’ निघाली. त्या गाडीची डिकी कोणा कलावंताने नव्हे, अर्थमंत्र्यांच्या फूटपट्टीने बेतली.

आणि हौसेच्या गाडीची नावेही मजेदार रीतीने खाली उतरतात. २००० च्या सुमारास टाटांनी ‘आरिया’ या नावाची दोन आसनी गाडी परदेशी प्रदर्शनात नमुना म्हणून ठेवली होती. ती कधी विकली गेली नाही. दहा वर्षांनी, २०१० साली, तेच नाव सहा-सात माणसे बसतील अशा घरगुती गाडीला मिळाले.

नंतरची गोष्ट मार्च २०१७ ची. कमी संख्येच्या, कमी भांडवलाच्या गाड्यांसाठी ‘टॅमो’ नावाची शाखा टाटांनी काढली होती, आणि तिची ‘रेसिमो’ ही दोन आसनी स्पोर्ट्स कार जिनिव्हात झळकली. इंजिन १.२ लिटरचे, पण शक्ती १९० अश्वांची. त्याच महिन्यात इकडे ‘टिगॉर’ ही लहान सेडान बाजारात आली. एक रंगमंचावर, एक दुकानात. रेसिमो प्रदर्शनापुढे गेली नाही. खर्चाचा हिशेब बसेना म्हणून ती बाजूला ठेवण्यात आली. टिगॉर विकली जात राहिली. जी गाडी विकलीच गेली नाही तिच्या खपाचा परिणाम कोणी काय सांगावा?

अशा प्रसंगी सर्वांत आधी झळ कोणास लागते, ते आम्ही जवळून पाहिले आहे. सुट्या भागांच्या एका कारखान्यात आम्ही करारासाठी बसलो होतो. एका नव्या, गाजावाजा झालेल्या गाडीचे काम मिळाले म्हणून तेथे चाळीस मुले कंत्राटावर घेतली होती; निम्मी शिरपूर-शिंदखेड्याकडची. गाडी चालली नाही. ऑर्डर एका पत्राने थांबली, आणि मुले दुसऱ्या सोमवारी गावी. कायम कामगारांच्या वेतनवाढीसाठी आम्ही सारी शक्ती लावली होती. त्या चाळिसांबद्दल आमच्या मागणीपत्रात एक ओळ नव्हती. ही चूक आमची. तेव्हापासून नवे मॉडेल आले म्हटले की आम्ही पगाराच्या आधी दुसराच प्रश्न विचारतो: ही डाय कशाची? याच डायवर, याच मशिनवर उद्या मोठ्या खपाच्या गाडीचा भाग निघेल की नाही? व्यवस्थापक पहिल्या वेळी हसले. आता उत्तर देतात.

जग्वारकडे पुन्हा एकदा वळतो, कारण तेथील नाटकाचा दुसरा अंक टाटांच्या काळात झाला. २०१३ साली ‘एफ-टाइप’ ही सुंदर दोन आसनी गाडी आली आणि १९४८ चा चमत्कार पुन्हा होईल, असे पुष्कळांना वाटले. २०१५ साली ‘एक्सई’ ही अ‍ॅल्युमिनियमबहुल सेडान तिच्या मागोमाग आली. पण यावेळी गिऱ्हाईक स्पोर्ट्स कारकडे पाहून सेडान घेईना. ते उंच गाडीकडे वळले. एक्सईच्याच अ‍ॅल्युमिनियम पायावर उभी असलेली २०१६ ची उंच ‘एफ-पेस’ अधिक खपली. २०२४ साली एफ-टाइप, एक्सई आणि तिची थोरली बहीण एक्सएफ, तिन्हींचे उत्पादन थांबले. गाडी चांगली असणे पुरले नाही. १९४८ साली तिच्यामागे येणारी सेडान लोकांना हवी होती. २०१५ साली लोकांना सेडानच नकोशी झाली होती.

सिएराचे नाव २०२५ च्या नोव्हेंबरात पुन्हा बाजारात आले आहे. या खेपेस बाजूंना दारे चार आहेत. मिस्त्री आता थकले. त्यांना आम्ही भ्रमणध्वनीवर तिचे चित्र दाखविले. त्यांनी बराच वेळ ते लांब धरून पाहिले आणि म्हणाले, “काच तीच ठेवली का रे?” मागची काच त्याच वळणाची दिसते असे आम्ही सांगितले. त्यांच्या गॅरेजात १९९० च्या दशकातली एक सिएरा अजून उभी आहे; डाव्या बाजूची ती वळलेली काच फुटलेली, आणि जोडीची काच दोन वर्षे शोधूनही मिळालेली नाही.