नव्याण्णव सामने

काउंटी क्रिकेटचा गुणतक्ता वाचण्याच्या दोन रीती आहेत. बहुतेक वाचक यॉर्कशायर, सरे, लँकेशायर अशीं मातबर नांवें वरून खालीं पाहत जातात आणि अर्ध्यावर थांबतात. थोडे लोक मात्र तो खालून वाचावयास आरंभ करतात, कारण त्यांचा संघ तेथें असतो. हजारों मैलांवर राहून, ज्याचें मैदानही कधीं पाहिलें नाहीं अशा दुबळ्या संघाचा अभिमान बाळगणाऱ्या या दुसऱ्या वर्गांत आम्हीही मोडतों. आमची काउंटी नॉर्दम्प्टनशायर. हा अभिमान कशावर जगतो हें पाहावयाचें तर त्या संघाच्या इतिहासाकडेच वळलें पाहिजे.

नॉर्दम्प्टन हें जोडे शिवणाऱ्या कारागिरांचें गांव. तेथील फुटबॉल संघाला आजही 'मोची' याच अर्थाचें टोपणनांव आहे, आणि १९९४ पर्यंत फुटबॉल व क्रिकेट हे दोन्ही खेळ एकाच काउंटी मैदानावर चालत. १९०५ सालीं ही काउंटी अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत आली. दोनच वर्षांनीं, १९०७ च्या जूनमध्यें, ग्लॉस्टर येथें तिचा सबंध डाव १२ धांवांत आटोपला. जॉर्ज डेनेटनें ९ धांवांत ८ गडी टिपले. काउंटी अजिंक्यपदाच्या इतिहासांत याहून लहान डाव दुसरा नाहीं. तिसऱ्या दिवशीं पावसानें खेळच होऊं दिला नाहीं म्हणून सामना अनिर्णित राहिला एवढेंच. पण याच संघानें १९१२ सालीं यॉर्कशायरच्या खालोखाल दुसरें स्थान मिळविलें. दुबळ्यांच्या इतिहासांत असे अपवाद येतात, आणि पुढील कित्येक वर्षांची आशा तेवढ्यावर निभावते.

१४ मे १९३५ रोजीं नॉर्दम्प्टनशायरनें टाँटन येथें सॉमरसेटचा पराभव केला. त्यानंतर अजिंक्यपदाचे ९९ सामने होऊन गेले, पण त्यांपैकीं एकही त्यास जिंकतां आला नाहीं. चार उन्हाळे असे गेले. काउंटी लहान आणि तिचें उत्पन्न तुटपुंजें. श्रीमंत काउंट्यांशीं बरोबरी करावी इतके चांगले पगारी खेळाडू बाळगणें तिच्या आवांक्याबाहेरचें होतें. तथापि या चार वर्षांच्या धांवफलकांत नुसती हारच दिसते असें कोणीं समजूं नये.

१९३६ च्या ऑगस्टांतील चेस्टरफील्डचा सामना पाहा. त्या वर्षीं अजिंक्य ठरलेल्या डर्बीशायरविरुद्ध फ्रेड बेकवेलनें नाबाद २४१ धांवा काढल्या. हा बेकवेल आपल्या लोकांस अगदींच अपरिचित नव्हता. जार्डीनच्या संघाबरोबर तो हिंदुस्थानांत आला होता आणि १९३४ च्या मद्रास कसोटींत त्यानें ८५ धांवा केल्या होत्या. चेस्टरफील्डहून परततांना त्याच्या मोटारीस अपघात झाला. बरोबरचा सहकारी रेजिनल्ड नॉर्थवे मृत्यु पावला. बेकवेलचा हात असा मोडला कीं त्यास पुन्हा प्रथम श्रेणीचें क्रिकेट खेळतां आलें नाहीं. धांवफलकावर यांतील कांहींच नाहीं. तेथें नाबाद २४१ हा आंकडा तेवढा आहे. दूरच्या चाहत्यास हाच एक अभ्यास करावा लागतो: आंकड्यामागें काय घडलें तें शोधून काढावयाचें. विजयी संघाविषयीं इतर लोक सांगतात. पराभूत संघाविषयीं आपण होऊन विचारावें लागतें.

१९३९ च्या मे अखेरीस तो शाप सुटला. नॉर्दम्प्टनच्या मैदानावर लेस्टरशायरचा एक डाव व १९३ धांवांनीं पराभव झाला, आणि डेनिस ब्रुक्सनें १८७ धांवा केल्या. पुढें तीन महिन्यांतच महायुद्ध सुरू झालें. त्या मोसमाचा तरुण कर्णधार रॉबर्ट नेल्सन १९४० सालीं विमानहल्ल्यांत मारला गेला. ब्रुक्स मात्र त्या पडत्या काळांतून पार पडला. १९५७ सालीं संघ सरेच्या खालोखाल आला तेव्हां कर्णधार तोच होता. १९६५ मध्यें अवघ्या चार गुणांनीं अजिंक्यपद हुकलें. १९७६ मध्यें पुन्हा दुसरें स्थान मिळालें, आणि त्याच वर्षीं मुश्ताक महंमदच्या नेतृत्वाखालीं, बिशनसिंग बेदी संघांत असतांना, जिलेट चषकाच्या रूपानें पहिली ढाल हातीं आली. अजिंक्यपद मात्र २०२५ पर्यंत एकदांही लाभलें नाहीं. २००० सालीं स्पर्धेच्या दोन श्रेणी झाल्या. तेव्हांपासून हा संघ २०००, २००३, २०१३ आणि २०१९ असा चार वेळां वर चढला आणि २००१, २००४, २०१४ व २०२३ अशा चार वेळां खालीं उतरला.

आपल्याकडे या काउंटीचें नांव अधूनमधून गाजतें. १९९५ सालीं अनिल कुंबळे यानें तिच्यासाठीं अजिंक्यपदाच्या सामन्यांत १०५ बळी घेतले. २०२३ च्या ऑगस्टांत मुंबईच्या पृथ्वी शॉनें एकदिवसीय सामन्यांत सॉमरसेटविरुद्ध २४४ धांवा काढल्या. त्या आठवड्यांत मुंबईंतील पुष्कळांनीं नॉर्दम्प्टनचा धांवफलक उघडला. कांहीं दिवसांतच शॉचा गुडघा दुखावला, आणि तो फलक बहुतेकांनीं मिटलाही. खेळाडूचा चाहता व संघाचा चाहता यांत भेद हाच कीं, खेळाडू गेला तरी दुसरा तेथेंच राहतो.

येथें कोणी म्हणेल कीं, दुरून पराभवावर प्रेम करणें फार सोपें आहे. त्यास थंडी लागत नाहीं, तिकिटाचे पैसे पडत नाहींत. हा आक्षेप आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. ते ९९ सामने जे प्रत्यक्ष बसून पाहत राहिले, वर्गणी भरत राहिले, त्यांच्या निष्ठेशीं दूरच्या चाहत्याच्या निष्ठेची तुलनाच होऊं शकत नाहीं. आम्ही त्यांचे ऋणी आहों. कारण त्यांनीं संघ जगविला म्हणून आम्हांस वाचावयास धांवफलक मिळाला.

हें ऋण आतां आठवण्याचें कारण असें. २०२१ पासून इंग्लंडांत शंभर चेंडूंची, आठ शहरी संघांची नवी स्पर्धा सुरू झाली. त्या आठांत नॉर्दम्प्टनचें मैदान नाहीं. ऐन ऑगस्टचा बहर त्या स्पर्धेस दिला गेला, आणि त्याच दिवसांत काउंट्यांना आपले कित्येक उत्तम खेळाडू वगळून एकदिवसीय सामने खेळावे लागतात. १८ काउंट्या इतक्या कशाला हव्यात, हा प्रश्नही वारंवार ऐकूं येतो. केवळ यशाचें माप लावलें असतें तर नॉर्दम्प्टनशायरचा संघ १९३८ सालींच मोडणें शहाणपणाचें ठरलें असतें. मग ब्रुक्सचें १८७ नाहीं, १९५७ नाहीं, १९७६ ची ढाल नाहीं. आणि बेदी, कुंबळे, शॉ यांना त्या मैदानावर खेळावयास जागाही नाहीं. तळाच्या संघाचें मोल ठरवूं पाहणाऱ्यांनीं ते नव्याण्णव सामने आणि त्यानंतरचीं वर्षें एकत्र वाचावींत, एवढीच आमची विनंती आहे.