वाऱ्याशी शर्यत लावणारे ६४,००० गणक

१/८ १९२२ साली लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञांचा हवामान-गणितावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात ६४,००० माणसांच्या एका कल्पित गणनागृहाचे वर्णन आहे. इलेक्ट्रॉनिक संगणक जन्मण्यापूर्वीच मांडलेल्या समांतर गणनेची ही कथा. 🧵

२/८ कल्पना अशी: नकाशावर चौकटी पाडायच्या, प्रत्येक चौकटीतील दाब, वारा, तापमान नोंदवायचे आणि समीकरणांच्या आधारे पुढील स्थिती काढायची. शांततावादी क्वेकर असलेले रिचर्डसन पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत. हे गणित त्यांनी तिथेच हाताने केले.

३/८ विषय होता २० मे १९१०चे मध्य युरोपातील हवामान, तेही केवळ ६ तासांचे. गणिताला सुमारे ६ आठवडे लागले! उत्तर आले: दाब १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिर होता. दोष सुरुवातीच्या निरीक्षणांतील असमतोलाचा होता, हे पुढे सिद्ध झाले.

४/८ परंतु उत्तर अचूक आले असते, तरी काय? ६ तासांच्या भाकितास ६ आठवडे, म्हणजे वरातीमागून घोडे. म्हणून रिचर्डसन यांनी हिशेब मांडला: पृथ्वीवर २,००० चौकटी, प्रत्येकी ३२ गणक. एकूण ६४,००० माणसे हवामानाच्या बरोबरीने धावू शकतील.

५/८ गणनागृह नाट्यगृहासारखे, भिंतींवर जगाचा नकाशा. प्रत्येक जण आपापल्या प्रदेशाचे गणित करतो आणि शेजाऱ्यांना वाचता यावेत म्हणून आकडे फलकावर झळकवतो. मधल्या उंच स्तंभावरील प्रमुख पुढे गेलेल्यांवर गुलाबी, मागे पडलेल्यांवर निळा प्रकाशझोत टाकतो.

६/८ हे झोत कशासाठी? शेजाऱ्याचा आकडा आल्याखेरीज पुढची पायरी सुटत नाही. एक कोपरा रेंगाळला, तर हळूहळू सारे सभागृह खोळंबते. माणसे वाढवून भागत नाही. त्यांची गती जुळवावी लागते. समांतर गणनेतील ही अडचण आजही तीच आहे.

७/८ १९२० मध्ये ब्रिटिश हवामान खाते हवाई मंत्रालयाच्या अखत्यारीत गेले. आपली विद्या युद्धाच्या कामी येऊ नये म्हणून रिचर्डसन यांनी त्या खात्याची नोकरी सोडली.

८/८ १९५० साली अमेरिकेत एनिॲक या यंत्रावर २४ तासांचे भाकीत काढले गेले. त्याला वेळ लागला सुमारे २४ तास! गणित प्रथमच वाऱ्याच्या बरोबरीला आले. विशेष म्हणजे एनिॲक मूळचे अमेरिकी लष्करासाठी तोफगोळ्यांचे मार्ग काढण्यास बांधलेले यंत्र. तरीही ही वार्ता कळताच रिचर्डसन यांनी त्या शास्त्रज्ञांचे अभिनंदन केले. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले.