विक्रीचे आकडे आणि गुणवत्तेचा निकष : रोल प्लेइंग व्हिडिओ गेमच्या इतिहासाचा विचार
(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

कलाकृतीचा खप आणि तिची गुणवत्ता यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न मराठी अभ्यासकांना नवा नाही. बाबुराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांना अमाप वाचक लाभला. याउलट ‘सत्यकथा’ हे मासिक मर्यादित वर्गणीदारांच्या आधारावर चालले व १९८२ मध्ये बंद पडले. तरीही मराठी नवकथा आणि नवकाव्याचा इतिहास ‘सत्यकथा’ वगळून लिहिता येत नाही. त्याचप्रमाणे मराठी वाचनाचा सामाजिक इतिहास अर्नाळकरांना वगळून लिहिता येत नाही. खपाचा आकडा एका प्रश्नाचे उत्तर देतो आणि गुणवत्तेचा निर्णय दुसऱ्या प्रश्नाचे, हे यावरून स्पष्ट होते.

हाच प्रश्न गेल्या चार दशकांत व्हिडिओ गेमच्या, विशेषतः रोल प्लेइंग गेमच्या संदर्भात उपस्थित झाला आहे. या प्रकारात खेळणारा एका पात्राची भूमिका स्वीकारतो, प्रसंगांतून अनुभवाचे गुण मिळवतो, त्या गुणांमुळे पात्राचे सामर्थ्य वाढते आणि दीर्घ कथानक पुढे सरकते. या प्रकाराचे मूळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी सिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळात आहे. अशा गेममध्ये कथा, संवाद, नीतिविषयक पेच व पात्ररचना यांना महत्त्व असल्यामुळे गुणवत्तेची चर्चा येथे साहित्यसमीक्षेच्या जवळ जाते. असे असूनही त्यांच्या मूल्यमापनात बहुधा पहिला दाखला दिला जातो तो विक्रीच्या आकड्याचा. प्रस्तुत लेखात या दाखल्याचे ऐतिहासिक मूल्य तपासले आहे, तसेच उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या परिसरासारख्या बाजारपेठेत तो कितपत लागू पडतो याचाही विचार केला आहे.

एकच कृती, दोन बाजारपेठा

विक्रीचा आकडा गुणवत्ता दर्शवीत असता, तर एकाच कृतीचा खप निरनिराळ्या देशांत निदान तुलनीय असावयास हवा होता. इतिहास तसे सांगत नाही. १९८६ मध्ये जपानच्या एनिक्स कंपनीने युजी होरी यांची ‘ड्रॅगन क्वेस्ट’ ही गेम प्रसिद्ध केली. तिला जपानमध्ये मोठे यश मिळाले, आणि १९८८ च्या तिसऱ्या भागाच्या वेळी तर शाळा चुकवून दुकानांपुढे रांगा लावणाऱ्या मुलांचा प्रश्न तेथे सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. या तिसऱ्या भागाच्या जपानमध्ये ३५ लाखांहून अधिक प्रती खपल्या.

पहिलीच गेम १९८९ मध्ये ‘ड्रॅगन वॉरियर’ या नावाने अमेरिकेत आली, तेव्हा ती अपेक्षेप्रमाणे खपली नाही. अखेरीस १९९० मध्ये निन्टेन्डोने आपल्या ‘निन्टेन्डो पॉवर’ या नियतकालिकाच्या वर्गणीदारांना ती विनामूल्य दिली. कथा, नियम व रचना मूलतः तीच होती. बदलले होते ते खेळणाऱ्यांचे पूर्वसंस्कार, जाहिरातीची पद्धती आणि या प्रकाराशी असलेला परिचय. अर्थात आकड्याने येथे कृतीचे मोजमाप केले नाही. त्याने बाजारपेठेची तयारी मोजली.

यावरून आकडा निरर्थक असतो असे मात्र म्हणता येणार नाही. १९९७ च्या ‘फायनल फँटसी ७’ या गेमच्या प्रती एक कोटीच्या घरात खपल्या आणि जपानी रोल प्लेइंग गेमला पाश्चात्त्य देशांत स्थान मिळाले. अलीकडे २०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ ही गेम समीक्षक व ग्राहक या दोहोंच्या पसंतीस उतरली. खप आणि गुणवत्ता एकत्र नांदू शकतात. प्रश्न इतकाच आहे की एकावरून दुसऱ्याचे अनुमान करता येते काय.

विक्री आधी, परीक्षा नंतर

या संदर्भात २०२० चे ‘सायबरपंक २०७७’ हे उदाहरण उद्बोधक आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीची ही गेम १० डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झाली. त्यापूर्वीच ८० लाख प्रतींची आगाऊ मागणी नोंदली गेली होती, आणि त्या वर्षअखेरीपर्यंत १ कोटी ३७ लाख प्रती विकल्या गेल्या. परंतु जुन्या यंत्रांवर ती इतकी सदोष चालत होती की प्रसिद्धीनंतर आठवडाभरातच सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून तिची विक्री थांबवली व ग्राहकांना पैसे परत देण्याची व्यवस्था केली. विक्री पुन्हा सुरू झाली ती जून २०२१ मध्ये. पुढे कंपनीने दुरुस्त्या केल्या आणि २०२३ पर्यंत याच गेमविषयीचे मत बरेच अनुकूल झाले.

विक्रीची ही नोंद तर्कदृष्ट्या लक्षणीय आहे. आगाऊ मागणी नोंदवणाऱ्याने कृती पाहिलेली नसते. त्याने विकत घेतलेली असते ती कंपनीच्या पूर्वीच्या कामावरील श्रद्धा आणि जाहिरातीने निर्माण केलेली अपेक्षा. पुस्तक चाळून घेता येते. दीर्घ कथानकाची गेम मात्र अनेक तास खेळल्याखेरीज समजत नाही. त्यामुळे या प्रकारात सुरुवातीचा खप हा भूतकाळातील कीर्तीचा निर्देशक ठरतो, वर्तमान कृतीच्या गुणांचा नव्हे.

अल्प खप आणि दीर्घ प्रभाव

दुसऱ्या टोकाला अल्प खपाच्या कृती आहेत. शिगेसातो इतोई यांची ‘अर्थबाउंड’ ही गेम १९९५ मध्ये अमेरिकेत आली. मोठी जाहिरात होऊनही तेथे तिच्या सुमारे १ लाख ४० हजार प्रतीच खपल्या. तथापि नेहमीच्या शहरातील मुलांची ही विनोदी व करुण कथा तिच्या चाहत्यांनी जपली. पुढे टोबी फॉक्स यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अंडरटेल’ या गेमवर तिचा प्रभाव स्पष्टपणे दिसतो.

१९९९ ची ‘प्लेनस्केप : टॉरमेंट’ ही गेम मृत्यू, स्मृती व पश्चात्ताप यांविषयीच्या विस्तृत संवादलेखनासाठी समीक्षकांनी गौरवली. ‘बाल्डर्स गेट’ (१९९८) या तिच्या समकालीन गेमचा खप वीस लाखांच्या पुढे गेला. ‘टॉरमेंट’चा खप त्या मानाने मर्यादित राहिला. तरीसुद्धा २०१३ मध्ये तिच्या परंपरेतील नव्या गेमसाठी लोकवर्गणीचे आवाहन करण्यात आले, तेव्हा चाळीस लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. चौदा वर्षांनंतर मिळालेला हा प्रतिसाद मूळ विक्रीच्या नोंदीत कोठेही दिसत नाही.

‘डेमन्स सोल्स’ (२००९) ही गेम सोनीच्या आर्थिक साहाय्याने जपानमध्ये तयार झाली. परंतु तिच्याविषयी साशंक असल्याने सोनीने ती अमेरिकेत स्वतः प्रसिद्ध केली नाही, दुसऱ्या प्रकाशकाने केली. हिदेताका मियाझाकी यांची तीच रचनापद्धती पुढे विकसित होत गेली आणि २०२२ च्या ‘एल्डन रिंग’च्या पहिल्या काही आठवड्यांतच १ कोटी २० लाख प्रती खपल्या. गुणवत्तेचा परिणाम खपावर होतो, परंतु तो अनेकदा त्याच कृतीच्या खपावर न होता तिच्यापासून शिकलेल्या नंतरच्या कृतीच्या खपावर होतो, असे या उदाहरणांवरून दिसून येते.

न मोजलेली बाजारपेठ : उल्हासनगर परिसर

उपरोक्त विवेचनात निदान आकडे उपलब्ध आहेत. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या परिसरात मात्र मूलभूत अडचण वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धकाळातील कल्याण लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची पायाभरणी होऊन तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. सर्वस्व गमावून आलेल्या या समाजाने अल्प भांडवलावर लघुउद्योग उभारले. परदेशी वस्तूसारखी वस्तू स्वस्तात बनवण्याचे कौशल्य त्यातून वाढले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, ही लोकप्रिय कोटी त्याचीच साक्ष देते. या कोटीत उपहास आहे, तसाच नाममुद्रेवरून वस्तूचा दर्जा ठरवणाऱ्या ग्राहकाला दिलेला एक मार्मिक टोलाही आहे.

१९९० च्या दशकात भारतीय शहरांत व्हिडिओ गेम पोहोचली ती मुख्यतः टीव्हीला जोडावयाच्या नकली यंत्रांतून आणि अनेक खेळ एकत्र भरलेल्या कॅसेटमधून. पुढे संगणक आले, तेव्हा गेमच्या नकली सीडी आल्या आणि सायबर कॅफेत एकाच सीडीवर अनेकांनी खेळावयाचे, ही पद्धत रूढ झाली. १९८४ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावलीला प्रताधिकार कायद्याचे संरक्षण मिळाले होते. परंतु मूळ प्रतीची किंमत मध्यमवर्गीय कुटुंबाच्याही आवाक्याबाहेर होती. परिणामी कंपन्यांच्या नोंदीत या ग्राहकाचे अस्तित्व जवळजवळ नाही. अंबरनाथच्या कामगार वस्तीतील किंवा बदलापूरच्या नव्या गृहसंकुलातील मुलाने एखादी गेम कितीही तन्मयतेने खेळली, तरी विक्रीच्या आकड्यात एकाचीही भर पडली नाही.

रोल प्लेइंग गेमच्या बाबतीत आणखी एक तांत्रिक कारण होते. अशा गेममध्ये खेळ अर्ध्यावर साठवून दुसऱ्या दिवशी पुढे न्यावा लागतो. त्यासाठी कॅसेटमध्ये बॅटरीवर चालणारी स्मृती लागते. स्वस्त नकली कॅसेटमध्ये ती सहसा नसे. शिवाय संवाद इंग्रजीत असत. त्यामुळे या पिढीच्या परिचयाचे झाले ते उड्या मारण्याचे व गोळीबाराचे छोटे खेळ. येथील मुलांना कथाप्रधान गेमची आवड नव्हती, असा निष्कर्ष त्यावरून काढणे चुकीचे ठरेल. आवडीची परीक्षा होण्यापूर्वीच किंमत, भाषा आणि यंत्र यांनी निवड केलेली होती.

आज परिस्थिती पालटली आहे, पण मोजमापाची अडचण कायम आहे. बदलापूरहून मुंबईपर्यंतच्या लोकल प्रवासात मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या बहुसंख्य गेम विनामूल्य असतात. २०२० मध्ये आलेली ‘गेनशिन इम्पॅक्ट’ ही भव्य रोल प्लेइंग गेमही विनामूल्य आहे. तिचे उत्पन्न खेळाच्या आत होणाऱ्या खरेदीतून येते. येथे ‘प्रतींचा खप’ ही संकल्पनाच उरत नाही. उरतात ते डाउनलोडचे आणि उत्पन्नाचे आकडे. पहिला आकडा कुतूहल मोजतो, तर दुसरा काही थोड्या खेळाडूंची खर्च करण्याची तयारी.

निर्मितीच्या बाजूनेही महाराष्ट्रातील एक उदाहरण नोंदवण्याजोगे आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने तयार केलेली ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ ही गेम काटेकोरपणे रोल प्लेइंग नसली, तरी भारतीय पुराणकथा व स्थापत्य यांवर आधारलेली कथाप्रधान गेम आहे. २०१७ मध्ये तिच्यासाठी केलेले लोकवर्गणीचे आवाहन उद्दिष्ट गाठू शकले नाही. २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम गेमच्या नामांकनापर्यंत पोहोचली. २०१७ चा आकडाच अंतिम मानला गेला असता, तर ही कृती घडलीच नसती.

जतनाचा प्रश्न

विक्रीलाच गुणवत्ता मानण्याचा सर्वांत गंभीर परिणाम समीक्षेवर होत नाही, तो जतनावर होतो. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात अधिकृतपणे उपलब्ध नाहीत. जी विकली जाते तीच पुन्हा काढली जाते. जी विकली जात नाही ती नव्या यंत्रावर चालेनाशी होते आणि नष्ट होते. भावी अभ्यासकाने उरलेल्या साधनांवरून इतिहास लिहिला, तर खपाचा निकष नकळत गुणवत्तेचा निकष बनलेला असेल.

बदलापूर येथील ‘ग्रंथसखा’ वाचनालयाचे कार्य या संदर्भात मार्गदर्शक ठरते. जुनी मराठी पुस्तके व नियतकालिके तेथे जतन केली आहेत. कोणत्या पुस्तकाचा खप किती झाला, या प्रश्नावर असा संग्रह उभा राहत नाही; उद्याच्या वाचकाला कशाची गरज पडेल हे आज सांगता येत नाही, या जाणिवेवर तो उभा राहतो. व्हिडिओ गेमच्या बाबतीत असा विचार आपल्याकडे अद्याप फारसा झालेला नाही.

समारोप

रोल प्लेइंग गेमच्या विक्रीचे आकडे हे इतिहासाचे साधन आहे, निवाडा नव्हे. किंमत, भाषा, यंत्र, जाहिरात, पूर्वकीर्ती आणि नोंद ठेवण्याची पद्धती या गोष्टींविषयी ते मोलाची माहिती देतात. गुणवत्तेविषयी ते फार तर शंका उपस्थित करतात. उत्तर कृती पाहूनच शोधावे लागते.

जेथे आकडेच नाहीत, तेथे अभ्यासकाला दुसरी साधने गोळा करावी लागतील. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील महाविद्यालयांचे इतिहास, संगणकशास्त्र आणि माध्यमविषयक विभाग एकत्र येऊन जुने दुकानदार, सायबर कॅफेचालक व त्या काळचे खेळाडू यांच्या आठवणी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने नोंदवू शकतील. घराघरांत पडून असलेल्या कॅसेट, सीडी व यंत्रे यांची सूची करू शकतील. ही पिढी आज मध्यमवयाकडे झुकली आहे आणि तिच्याकडील साहित्य भंगारात जात आहे. कोणत्याही कंपनीच्या हिशेबात न आलेले हे खेळाडू किमान आपल्या परिसराच्या इतिहासात तरी यावेत, यासाठी हे काम लवकर हाती घेणे आवश्यक आहे.