बेचाळीस किलोमीटरची परवानगी

१९७५ साली बॉब हॉल नावाच्या तरुणाने बोस्टन मॅरेथॉनच्या संचालकांना विचारलं, की मी व्हीलचेअरवर भाग घेऊ का? लहानपणीच पोलिओ झालेला माणूस. संचालक होते विल क्लोनी. त्यांनी धड हो म्हटलं नाही, धड नाहीही म्हटलं नाही. तीन तासांच्या आत पोचलास तर शर्यत पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र देऊ, एवढंच म्हणाले. हॉल २ तास ५८ मिनिटांत पोचला.

ही गोष्ट इंटरनेटवर जिथे तिथे सापडते, आणि बहुतेक ठिकाणी ती जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितलेली असते. मला ती तशी वाटत नाही. मला त्यातला 'तर' महत्त्वाचा वाटतो. व्हीलचेअर मॅरेथॉनचा इतिहास वाचत गेलं की कळतं, दंडात किती ताकद होती हा प्रश्न फार कमी वेळा आला. प्रश्न यायचा तो हा, की या माणसाला किती लांब जाऊ द्यायचं आणि ते कोण ठरवणार.

मी हे का वाचत बसलो, ते सांगून टाकतो. मी इस्लापूरचा. किनवट तालुका, नांदेड जिल्हा. सहस्रकुंडचा धबधबा बघायला आला असाल तर आमच्या गावावरून गेला असाल. ट्रॅक्टर उलटला तेव्हापासून छातीच्या खाली मला काही कळत नाही. दोन वर्षं झाली, व्हीलचेअरवर मॅरेथॉन पूर्ण करायची म्हणून सराव करतोय. आपल्याकडे हे आधी कुणी केलं, कसं केलं, खांद्याचं काय केलं, हे शोधायला गेलो आणि शोध भलतीकडेच गेला.

सुरुवात इंग्लंडमधून करावी लागते. दुसऱ्या महायुद्धात पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांसाठी स्टोक मँडेव्हिल इथे रुग्णालय होतं आणि तिथे डॉ. लुडविग गुटमान होते. त्याआधी असे पेशंट फार दिवस जगायचेच नाहीत. बेडसोर आणि लघवीचं इन्फेक्शन त्यांना घेऊन जायचं. गुटमाननी त्यांना दर थोड्या वेळाने कुशीवर वळवायला लावलं, उठवून बसवलं आणि हातात धनुष्य दिलं. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. पॅरालिम्पिकचं मूळ तिथलं. आज मी जिवंत आहे त्यात या माणसाचा वाटा आहे, म्हणून पुढचं जरा जपून लिहितो.

खेळ तिथे औषध म्हणून सुरू झाला आणि औषधाचा डोस डॉक्टर ठरवतो. १९६४ च्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये व्हीलचेअरची शर्यत आली, ती ६० मीटरची. साठ! आमच्या घरापासून पिठाच्या गिरणीपर्यंतसुद्धा त्याहून जास्त होतात. १९७२ ला १०० मीटर झाले. १९७६ ला टोरांटोत २०० पासून १५०० मीटरपर्यंतच्या शर्यती आल्या. मॅरेथॉन आली ती १९८४ मध्ये.

मधल्या काळात रस्त्यावर काय चाललं होतं? १९७० सालीच युजीन रॉबर्ट्स हा व्हिएतनाम युद्धात पाय गमावलेला सैनिक बोस्टनचा सगळा मार्ग व्हीलचेअरवर पार करून गेला होता. बरेच तास लागले त्याला. कुठल्याही संघटनेने ते अंतर ठरवून दिलेलं नव्हतं. मग हॉल आला. १९७७ ला बोस्टनने व्हीलचेअरचा गट अधिकृत केला. १९८० मध्ये कर्ट ब्रिंकमनने १ तास ५५ मिनिटांत शर्यत संपवली. त्या वर्षीचा पळणाऱ्यांतला विजेता बिल रॉजर्स २ तास १२ मिनिटांनी आला. म्हणजे ज्यांना रस्त्यावर घ्यायचं की नाही यावर चर्चा चालायची, ते पाच वर्षांत विजेत्याच्या पुढे १७ मिनिटं होते. आता तर तुलनाच नको. स्वित्झर्लंडच्या मार्सेल हूगने २०२१ मध्ये १:१७:४७ अशी वेळ नोंदवली. पायांनी पळणाऱ्या केल्विन किप्टमचा २०२३ चा विक्रम २:००:३५ आहे.

यावर कुणीतरी म्हणतंच, "चाकं असल्यावर काय!" बरोबर आहे, चाकं आहेतच. म्हणून तर वेगळा गट असतो. पण रस्ता तोच आणि किलोमीटर तेवढेच.

हे वाचत असताना फोनवर 'इस्लापूर' टाइप केलं की फोन मला आधी सांगलीच्या इस्लामपूरला नेऊन सोडायचा. एका 'म'चा फरक. पण त्या वाटेनेच मुरलीकांत पेटकर भेटले. जन्म १९४४, पेठ इस्लामपूर. सैन्यात ईएमई दलात होते, बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात काश्मीरमध्ये गोळ्या लागल्या. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार झाले. कमरेखालचा भाग गेला. १९७२ साली ते जर्मनीतल्या हायडेलबर्गला गेले आणि ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सोनं घेऊन आले. भारताचं ते पहिलं वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. (ऑलिम्पिक म्युनिकला असताना पॅरालिम्पिक हायडेलबर्गला का, तर म्युनिकच्या खेळाडू वसाहतीचे फ्लॅट करायचे ठरले होते. जागा रिकामी करायची वेळ आली की आधी कुणाला उठवतात, हे नव्याने सांगायला नको.) पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. 'चंदू चॅम्पियन' सिनेमा २०२४ ला आला, त्यामुळे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे नाव माहीत असेल.

सिनेमात साहजिकच पोहणं आहे. माझं लक्ष दुसरीकडे गेलं. त्याच स्पर्धेत पेटकर भालाफेकीत होते आणि स्लॅलममध्येही. स्लॅलम म्हणजे खांब आणि अडथळ्यांमधून व्हीलचेअर वळवत न्यायची शर्यत. सांगलीकडचा एक मराठी माणूस १९७२ मध्ये व्हीलचेअरची शर्यत लढत होता. ते हळूहळू वाढत गेलं असतं तर आज माझ्यासारख्याला विचारायला चार माणसं असती.

वाढलं ते दुसरंच. १९८४ च्या ज्या पॅरालिम्पिकमध्ये मॅरेथॉन आली, त्याच वर्षी भारताला चार पदकं मिळाली. जोगिंदरसिंग बेदींची तीन, भीमराव केसरकरांचं एक. चारही फेकीतली: गोळा, थाळी, भाला. २०१६ ला रिओत दीपा मलिकचं रौप्य गोळाफेकीत, बसून. आणि आमच्या नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव, त्याही बसूनच गोळा फेकतात, एफ ३४ गटात. टोकियोत सातव्या, हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत रौप्य, पॅरिसमध्ये पाचव्या. पॅरिसच्या उद्घाटनात सुमित अंतिलबरोबर तिरंगा त्यांच्या हातात होता. आमच्याकडे ते दृश्य घरोघरी फोनवर पुन्हापुन्हा बघितलं गेलं. व्हीलचेअरच्या शर्यतीत मात्र भारताकडे पॅरालिम्पिकचं एकही पदक नाही.

असं का, यावर मी बराच विचार केलाय. बसून फेकायला लोखंडी फ्रेमची खुर्ची लागते. उशी धरून ७५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको, हा नियम. ती पट्ट्यांनी जमिनीला आवळून बांधतात. आपल्याकडचा कुठलाही वेल्डिंगवाला ती करून देईल. मोकळं मैदान, एक फ्रेम, एक गोळा आणि परत आणून देणारा कुणीतरी, एवढ्यावर जागतिक दर्जाचा खेळाडू घडू शकतो, आणि तो घडवायला काय लागतं ते भाग्यश्रीताईंना विचारा. व्हीलचेअर रेसिंगचं तसं नाही. त्याला रेसिंग चेअर लागते. पुढे एक लहान चाक, मागे दोन मोठी, वरून आत झुकलेली. वजन आठ-दहा किलो, किंमत लाखांत. आणि त्याहून महाग गोष्ट लागते ती रस्ता. फेकणारा जमिनीला बांधलेला असतो. पळणाऱ्याला सोडावं लागतं. ट्रक, बैलगाड्या, कुत्री, खड्डे आणि 'कशाला जातोस बाबा, काही झालं तर' म्हणणारी माणसं, या सगळ्यांमध्ये सोडावं लागतं.

गंमत म्हणजे लांबचं अंतर हातांनी कापणारी माणसं आपल्याकडे कधीच कमी नव्हती. कुठल्याही आठवडी बाजारात बघा, हाताने पेडल मारायची तीनचाकी घेऊन कुणी ना कुणी आलेलं असतं. मागे पिशवी, कधी बायको, कधी शेळी. खेड्यातून बाजाराला आणि परत. त्याला सराव म्हणत नाहीत, आणि त्याची वेळ कुणी लावत नाही.

जपानमध्ये एका डॉक्टरने वेळ लावली. युताका नाकामुरा. ते १९६० मध्ये स्टोक मँडेव्हिलला जाऊन गुटमानकडे शिकले, पण परत आल्यावर खेळाबरोबर नोकऱ्यांच्या मागे लागले. १९६५ ला त्यांनी बेप्पू इथे अपंगांना काम देणारी संस्था उभी केली. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांचं अपंगांसाठीचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, त्या वर्षी ओइता शहरात फक्त व्हीलचेअरवाल्यांची शर्यत सुरू झाली. पहिल्या वर्षी अर्धी मॅरेथॉन, १९८३ पासून पूर्ण. ओइता काही टोकियो नाही. राजधानीपासून लांब, दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरचं गाव. हूगचा वर सांगितलेला विक्रम तिथलाच. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे अशी गोष्ट सुचवली की लोक लगेच पुण्या-मुंबईकडे बघतात.

आता सरावाचं. व्हीलचेअरचं चाक धरून ढकलायचं नसतं, चाकाच्या बाहेरच्या रिंगवर मुठीने मारायचं असतं. घड्याळात एकपासून सातपर्यंत जेवढी चाल, तेवढा मार. जाड हातमोजे लागतात. खांदे हीच माझी चप्पल, हेच माझे पाय. खांदा गेला तर शर्यत राहू दे, पलंगावरून खुर्चीत जाणंही बंद होईल. म्हणून ढकलण्याइतकंच मागे ओढण्याचे व्यायाम करावे लागतात. मी सायकलच्या ट्यूबा खिडकीच्या गजाला बांधून करतो. रोज रात्री आरशात पाठीमागचं बघायचं. लाल डाग दिसला तर दुसऱ्या दिवशी चेअर बंद, कारण तिथे दुखत नाही आणि न दुखणारी जखमच माणूस मारते.

आणि ऊन. मणक्याला मार बसला की त्याखालच्या अंगाला नीट घाम येत नाही. माझं शरीर छातीच्या वरच्या भागावरच गार होतं. मराठवाड्यातला मे म्हणजे ४२-४३ अंश. त्यामुळे पहाटे चारला निघायचं, सहाला परत. पाण्याची बाटली पिण्यासाठी एक आणि डोक्यावर ओतण्यासाठी एक. चुलतभाऊ मागे मोटारसायकलवर, इंडिकेटर चालू ठेवून. "दादा, ट्रक" एवढंच बोलतो. चेअर जुनी, दुसऱ्याची वापरलेली घेतली. पुढच्या चाकाचं बेअरिंग दोनदा बदललं.

भारतात मोठ्या मॅरेथॉन आता पुष्कळ आहेत. मुंबईची २००४ पासून आहे आणि तिच्यात अपंगांसाठी वेगळा गट आहे, अंतर थोडं. त्या गटाने खूप लोकांना पहिल्यांदा घराबाहेर काढलं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण १९६४ च्या ६० मीटरसारखंच, ते अंतर आमच्यातल्या कुणी निवडलेलं नाही.

एका दुसऱ्या शहरातल्या शर्यतीच्या ऑफिसला मी फोन केला. मॅडम फार नीट बोलल्या. "सर, तुमच्यासाठी आपला स्पेशल रन आहे ना. दोन किलोमीटर. मेडल, टी-शर्ट, नाश्ता, सगळं आहे." मी म्हटलं, "मॅडम, मला बेचाळीस करायचेत." थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "पण सर, पळणाऱ्यांना तुमची गाडी लागली तर?"

ही भीती खोटी नाही. उतारावर रेसिंग चेअर मोटारसायकलच्या वेगाने सुटते. बोस्टनची सुरुवातच उतारावर आहे, आणि १९८७ मध्ये पावसाने ओल्या झालेल्या त्या उतारावर बऱ्याच चेअर एकमेकींवर आदळल्या. त्यानंतर त्यांनी गट बंद केला नाही. सुरुवातीच्या तुकड्यात वेगावर नियंत्रण ठेवायला लागले, आणि आता व्हीलचेअर पळणाऱ्यांच्या आधी सोडतात. न्यूयॉर्कला मात्र हे पटायला फार वेळ लागला. तिथे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि व्हीलचेअरचा अधिकृत गट २००० साली आला.

मी मॅडमना हे सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की आम्हाला अर्धा तास आधी सोडता येईल का, रस्ता तेव्हा बंदच असतो ना? त्या म्हणाल्या, मेल टाका. मेल टाकला. त्यात माझ्या २१ किलोमीटरची वेळ लिहिली, २ तास ४ मिनिटं, रस्ता डांबरी पण चढाचा. डॉक्टरांचं पत्र जोडलं. चेअरला ब्रेक आहे, हेल्मेट घालीन, हेही लिहिलं. कट-ऑफ वेळ काय आहे आणि ती व्हीलचेअरला लागू आहे का, हे विचारलं.

तीन आठवडे झाले, उत्तर आलेलं नाही. येत्या रविवारी २६ किलोमीटर करायचे आहेत. भाऊ म्हणतो, बोधडीकडचा रस्ता घेऊ, त्या वेळेला तिकडे ट्रक कमी असतात.