गुसेव्ह विवर, सोल १८

मंगळावरच्या दिवसाला सोल म्हणतात. तो आपल्या दिवसाहून सुमारे ४० मिनिटांनी मोठा असतो. नासाचं ‘स्पिरिट’ रोव्हर ४ जानेवारी २००४ रोजी (जागतिक वेळेनुसार) गुसेव्ह विवरात उतरलं, तो सोल १. खालच्या नोंदी त्याच हिशेबाने. घड्याळाच्या वेळा कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाच्या, जिथून जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी हे यंत्र चालवत होती.

उतरण्याआधीचे सात महिने
उड्डाण १० जून २००३ चं. वाटेत असतानाच नवं सॉफ्टवेअर चढवलं गेलं आणि जुन्याच्या फायली तशाच राहिल्या. प्रवासातल्या नोंदींची त्यात भर पडत गेली. रोव्हरकडे २५६ एमबी फ्लॅश मेमरी होती आणि १२८ एमबी रॅम. फ्लॅशवर कोणती फाइल कुठे आहे याची यादी रॅममध्ये मांडली जाई. फाइल चिमुकली असली तरी यादीत तिची ओळ लागायचीच, आणि फाइल पुसल्यावरही यादी आखडत नसे. म्हणजे फ्लॅशवर किती एमबी मोकळे आहेत हे विचारून भागणार नव्हतं. फायली किती आहेत आणि त्यांच्या यादीने रॅम किती खाल्ली आहे, हे विचारायला हवं होतं. दूरच्या संगणकाची जागा मोजणाऱ्या प्रत्येकाने इथे थांबून विचार करावा असं मला मनापासून वाटतं, कारण पुढचं सगळं या एका फरकातून घडलं.

सोल १५
साफसफाई करायची हे ठरलेलंच होतं. जुन्या फायली काढणारा छोटा प्रोग्राम दोन भागांत पाठवला गेला. एक भाग नीट पोहोचला नाही. तो पुन्हा पाठवायचा दिवस ठरला: सोल १९.

सोल १८, २१ जानेवारी
स्पिरिट ‘ॲडिरॉन्डॅक’ नावाच्या खडकापाशी उभं होतं. सकाळच्या आज्ञा गेल्या, त्या मिळाल्याची साधी खूण आली. नंतर संपर्क बिघडला. ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळच्या अँटेनावर तेव्हा वादळी पाऊस होता, त्यामुळे दोष हवामानावर गेला. त्या क्षणी तसं वाटणं स्वाभाविक होतं. पण त्या दिवसाची पुढची ठरलेली सत्रंही माहितीविना गेली, तेव्हा पावसाचं कारण पुरेना.

गुसेव्हमध्ये घडत होतं ते असं. यादी वाढत गेली आणि तिला लागणारी रॅम संपली. अशा वेळी सॉफ्टवेअरने ‘जागा नाही’ एवढं सांगून पुढे जायला हवं होतं. पण मांडणीतल्या चुकीमुळे मेमरी मागणारं कामच जागच्या जागी गोठलं. काम गोठलेलं दिसताच संगणकाने स्वतःला रीबूट केलं. उठल्यावर त्याने पहिल्यांदा फ्लॅश उघडायचा प्रयत्न केला, तीच यादी मांडायला घेतली, आणि पुन्हा रॅम संपली. पुन्हा रीबूट.

२२ जानेवारी
आज्ञा ऐकू येते आहे एवढं कळवणारी खूण मिळाली. बाकी काही नाही.

२३ जानेवारी, पहाटे ४:३४
दहा मिनिटं संदेश आला, सेकंदाला १० बिट या वेगाने.

५:०२
स्पेनमधल्या माद्रिदजवळच्या अँटेनावरून आज्ञा गेली: प्रक्षेपण सुरू कर. संदेशाला एका दिशेला सुमारे अकरा मिनिटं लागत.

५:२६
उत्तर आलं. वीस मिनिटं, सेकंदाला १२० बिट. मर्यादित माहिती होती, पण आज्ञेला दिलेलं योग्य उत्तर होतं.

त्या दिवशी कळलं की रोव्हर साठाहून अधिक वेळा रीबूट झालं आहे. या चक्रामुळे त्याला रात्री झोपताही येत नव्हतं, आणि सौर पॅनेलवर जगणाऱ्या यंत्राला रात्रीचं जागरण म्हणजे बॅटरीचा ऱ्हास. झोपण्याची आज्ञा पाठवूनही ते जागंच राहिलं. आता धोका फायलींपुरता उरला नव्हता. बॅटरी रिकामी झाली असती तर दुरुस्तीची आज्ञा ऐकायला कुणी उरलं नसतं.

२४ जानेवारी
फ्लॅशला हात न लावता फक्त रॅमवर उठायची सोय अभियंत्यांनी आधीच ठेवली होती. ती आज्ञा गेली आणि चक्र तुटलं. या अवस्थेत मेमरीत ठेवलेलं झोपताना पुसलं जाई, पण झोप मिळाली, बॅटरी सावरली. या मोहिमेतली सर्वांत शहाणी ओळ मला हीच वाटते: साठवणच बिघडली तर तिच्याशिवाय उठता यावं, हा विचार कुणीतरी आधीच केला होता.

त्याच रात्री ९:०५
मेरिडियानी पठारावर स्पिरिटचं जुळं रोव्हर ‘ऑपॉर्च्युनिटी’ उतरलं. सॉफ्टवेअर तेच, दोषही तोच. मात्र आता तो ठाऊक झाला होता.

६ फेब्रुवारी
स्पिरिटची फ्लॅश पूर्ण पुसून फॉरमॅट केली गेली. नव्वद सोलांसाठी पाठवलेलं ते रोव्हर मार्च २०१० पर्यंत पृथ्वीशी बोलत राहिलं.