'लॉयल्टी' बोट आणि दरयुद्ध

५ एप्रिल हा दिवस आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९१९ साली याच दिवशी 'लॉयल्टी' ही आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. ती सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची होती. कंपनीच्या संस्थापकांत नरोत्तम मोरारजी यांच्याबरोबर सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे हे नाव आपल्या भागात परिचित आहे.

ही मुळात आलिशान प्रवासी बोट होती. १८९१ साली इंग्लंडमध्ये ती बांधली गेली तेव्हा तिचे नाव होते 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने व्हँकूव्हर ते हाँगकाँग या मार्गासाठी अशा तीन बोटी बांधून घेतल्या होत्या. वेग ताशी सुमारे १६ सागरी मैल. त्या काळी मोठ्या कंपन्यांची चढाओढ वेगावर चाले. कारण वेळेवर टपाल पोचवणाऱ्यास सरकारी अनुदान मिळे. पुढे १९१४ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी बोट घेतली. पहिल्या महायुद्धात ती रुग्णनौका होती. त्यांच्याकडून ती नव्या कंपनीकडे आली. कंपनीच्या नावातले 'सिंदिया' ते हेच.

पण वेग महाग असतो. पाण्याचा रोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि शक्ती म्हणजे रोध गुणिले वेग. म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी १० ऐवजी १६ मैल जायचे तर शक्ती सुमारे ४.१ पट लागते. प्रवासाचा वेळ वाचतो हे खरे. तरीही तेवढ्याच अंतराला कोळसा सुमारे २.६ पट जळतो. टपालाचे अनुदान नसलेल्या कंपनीला हा खर्च कसा परवडावा?

दुसरी अडचण यंत्राबाहेरची होती. ब्रिटिश कंपन्यांनी १८७५ पासून कलकत्ता मार्गावर एक संघ उभारला होता. व्यापाऱ्याने ठरावीक काळ फक्त संघाच्याच बोटींतून माल पाठवला, तर भाड्याचा काही भाग त्याला नंतर परत मिळे. एकदा जरी दुसऱ्या बोटीने माल पाठवला, तरी साठलेली सूट बुडे. मग नव्या कंपनीचे दर कमी असूनही तिच्याकडे वळण्याचे धाडस कोण करणार?

याआधी जमशेटजी टाटांनी हा अनुभव घेतला होता. १८९३ च्या सुमारास मुंबई-जपान मार्गावर पी. अँड ओ. कंपनी सुताला टनामागे १९ रुपये घेई. टाटांनी १२ रुपयांचा दर लावताच तिने तो दीड रुपयांवर आणला, आणि टाटांची बोटसेवा लवकरच बंद पडली. सिंदियाच्या वेळी ब्रिटिश इंडिया कंपनीने ब्रह्मदेशच्या तांदळाचे भाडे टनाला १८ रुपयांवरून ६ रुपयांवर उतरवले. मोठी कंपनी एका मार्गावरचा तोटा दुसऱ्या मार्गांवर भरून काढू शकते. छोटीला तशी सोय नसते.

सिंदिया मात्र टिकली. तिने मालवाहू बोटी घेतल्या आणि किनारी व्यापारावर भर दिला. १९२३ मध्ये करार झाला, पण त्याची किंमत मोठी होती: परदेशी मार्गांवर जायचे नाही, ही अट मान्य करावी लागली. त्याच साली 'लॉयल्टी' भंगारात निघाली. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी ही मागणी पुढे स्वातंत्र्यानंतरच मान्य झाली.

वेग आणि शक्ती यांचे वरील गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे. त्यानंतर त्यांना विचारावे: दीड रुपयात माल नेणाऱ्या कंपनीचा तोटा अखेर कोणी भरला असेल?